तार, कातडं, भोपळा : अल्बममधलं अनोळखी तंतुवाद्य कानानं कसं ओळखावं

सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर तेलंगणातलं कालेश्वर, आणि तालुक्यातच आणखी खाली सोमनूरपाशी छत्तीसगडातून आलेली इंद्रावती. तीन राज्यांच्या या शिवेवर मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच बाजारात ऐकू येतात. तंतुवाद्यांचंही तसंच आहे. प्राणहितेपलीकडे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात परधानांची किकरी आहे, ती गजानं वाजते. गोदावरीपलीकडे तेलंगणात किन्नेरा आहे, ती बोटानं छेडतात. इंद्रावतीपलीकडे बस्तरात धनकुल आहे, तिथे मडक्यावर टेकवलेल्या धनुष्याची दोरी ओढतात. आणि अलीकडे, आपल्या गोंधळात आणि खडी गंमतीत, तुणतुणं आहेच.

हा लेख मात्र लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या रॉक अल्बमांबद्दल आहे. त्यांतली अनोळखी तंतुवाद्यं ओळखायला शिकायचं असेल, तर सिरोंच्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. कानाला जे फरक कळावे लागतात, त्यांतले बरेच या तीन नद्यांच्या आसपास स्वच्छ, मूळ रूपात ऐकायला मिळतात.

१९६९ ते १९७५ या काळात इंग्लंडमधल्या काही बँडनी रॉकची चौकट मोडली. किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल, जेनेसिस ही त्यांतली ठळक नावं. तीन मिनिटांच्या गाण्याऐवजी वीस मिनिटांची रचना, दर काही मापांनी बदलणारा ठेका, आणि गिटार-ड्रमच्या जोडीला कुठून कुठून आणलेली वाद्यं, अशा या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. यात तारेचा आवाज येतो, पण तो गिटारचा वाटत नाही, अशा जागा पुष्कळ आहेत. ऐकणारा लगेच नाव शोधू लागतो : सतार आहे का? मँडोलिन? संतूर? नाव सुचलं की कान थांबतो, आणि नाव चुकीचं असलं तरी पुढे तेच ऐकू येत राहतं. म्हणून नाव शेवटी. आधी वाद्याची बांधणी ऐकायची : तार कशानं हलली, बोटाखाली काय आहे, तारेचा आवाज कोण मोठा करतं, तार घोडीवर कशी टेकते, आणि सोबत आणखी कोण वाजतंय.

पहिला प्रश्न आघाताचा. सूर सुरू होतो तो क्षण सगळ्यात जास्त माहिती देतो. तार छेडली की आवाज एकदम मोठा होतो आणि लगेच ओसरायला लागतो. वरचे, चकाकणारे स्वरांश आधी जातात, खालचा मूळ सूर मागे रेंगाळतो. वादकाला त्यानंतर काही करता येत नाही. फार तर तार खेचून सूर हलवता येतो. गजाचं उलट आहे. राळ लावलेले केस तारेला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. जोवर गज चालतो तोवर आवाजाला खाद्य मिळत राहतं, त्यामुळे सूर मधेच फुगवता येतो. छेडलेल्या तारेला हे कधीच जमत नाही. सूर सुरू झाल्यावर मोठा होत गेला, तर तो छेडलेला नाही, एवढं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. आणि गज दिशा बदलतो तेव्हा एक बारीक खरखर येते. किकरीत ती उघडी ऐकू येते, व्हायोलिनमध्ये चांगला वादक ती लपवतो, पण पूर्ण लपत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये मात्र हा पहिलाच प्रश्न फसवू शकतो. इलेक्ट्रिक गिटारवाला पायाखालच्या पेडलनं आवाज बंद ठेवतो, तार छेडतो आणि मग हळूहळू आवाज उघडतो. आघात कापला गेल्यामुळे गिटार गजाच्या वाद्यासारखी ऐकू येते. अशा जागी खरखर शोधा. सूर फुगतोय, पण गज फिरल्याची खूण एकदाही येत नाही आणि प्रत्येक सूर शेवटी छेडलेल्या तारेसारखा आपोआप विरतो, तर ते पेडल आहे.

दुसरा मोठा फसवा आवाज मेलोट्रॉनचा. किंग क्रिमसनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये व्हायोलिनांचा मोठा ताफा वाजतोय असं वाटतं, ते हे वाद्य. दिसायला पेटीसारखं, पण प्रत्येक पट्टीखाली खऱ्या व्हायोलिनांच्या मुद्रणाची एक चुंबकीय फीत. पट्टी दाबली की फीत फिरते, आणि साधारण आठ सेकंदांत संपते. त्यामुळे मेलोट्रॉनवर एकच सूर आठ सेकंदांपलीकडे धरता येत नाही. दुसरी खूण आणखी चांगली आहे : एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. प्रत्येक सूर स्वतंत्र, आपापल्या फितीचा किंचित थरथराट घेऊन येतो. खऱ्या सारंगीचा किंवा व्हायोलिनचा वादक इतक्या लांब ओळीत कुठे तरी मींड घेतोच.

तिसरी फसवणूक अशी, की आवाज तारेचा नसतोच. किंग क्रिमसनच्या १९७३ च्या ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ अल्बमची सुरुवात टिपटिपणाऱ्या, कोरड्या, गोड सुरांनी होते. पुष्कळांना ते एखादं छोटं हार्प वाटतं. ती आफ्रिकेतली कलिंबा आहे : लाकडी पेटीवर बसवलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या, अंगठ्यानं दाबून सोडायच्या. धातूची पट्टी तारेसारखी ओढून धरता येत नाही, म्हणून कलिंबाचा सूर लागल्यावर जराही हलत नाही, आणि पट्टीच्या स्वरांशांत एक घंटेसारखा बेसुरेपणा असतो. काही मिनिटांनी त्याच रचनेत डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन येतं. दोन्ही लागोपाठ ऐकली की हा फरक कायमचा कानात बसतो.

आघात कळला की दुसरा प्रश्न : बोटाखाली काय आहे? सतारीसारखे पडदे आहेत, की सारंगीसारखी मोकळी जागा? यासाठी सुरांच्या मधली वाट ऐकायची. पडद्याच्या वाद्यावर मींड काढायची तर तार आडवी खेचावी लागते. खेचल्यानं ताण वाढतो, म्हणून सूर फक्त वर जाऊ शकतो आणि सोडल्यावर परत खाली येतो. वादक आधी खेचून मग छेडतो तेव्हा सूर वरून खाली येताना ऐकू येतो, पण पडद्याच्या मूळ सुराखाली तो जात नाही. पडदे नसतील तर बोट तारेवरून दोन्ही दिशांना सरकू शकतं, आणि सूर कुठेही थांबू शकतो. पडद्यांच्या वाद्यावर बोट सरकवलं तर पायऱ्या ऐकू येतात, बिनपडद्याच्या वाद्यावर उतार ऐकू येतो.

किन्नेरा हा इथला उत्तम धडा. दक्षिण तेलंगणातल्या नागरकर्नूल भागातले दर्शनम् मोगिलय्या बारा मेट्लांची, म्हणजे बारा पडद्यांची, किन्नेरा वाजवतात. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘भीमला नायक’ या तेलुगू चित्रपटाचं शीर्षकगीत २०२१ मध्ये आलं, त्याच्या सुरुवातीला त्यांचाच आवाज आहे. सिरोंच्यात तेलुगू सिनेमा घरचाच, त्यामुळे हे गाणं इथे कुणाला शोधावं लागणार नाही. किन्नेरेची दांडी बांबूची, तिच्याखाली सुकवलेले भोपळे, आणि पडदे मधमाशीच्या मेणानं चिकटवलेले. तिचे सूर एकमेकांपासून सुटे, पायरीपायरीनं पडतात. मग किकरी ऐका. तिच्यावर पडदे नाहीत, आणि गायकाचा आवाज जिथे वळतो तिथे वाद्यही त्याच्या मागोमाग वळतं. परधान हे राजगोंडांचे पिढीजात भाट. कुळाची उत्पत्तिकथा सांगताना त्यांना असंच, आवाजाला चिकटून चालणारं वाद्य लागतं. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून अभ्यास केला. तिथल्या परधानांची मातृभाषा मराठी, पण कुळकथा ते गोंडीत गातात, असं त्यांनी नोंदवलं आहे. किकरी म्हणजे मराठी घरात जपलेलं, गोंडीत बोलणारं वाद्य. मराठी वाचकानं ते परकं मानावं असं काहीच नाही.

तिसरा प्रश्न : तारेचा आवाज मोठा कोण करतं? नुसती तार हवेला फारसं ढकलू शकत नाही. ती घोडीवर टेकते, घोडी खालच्या पृष्ठभागाला हलवते, आणि तो पृष्ठभाग हवा हलवतो. हा पृष्ठभाग कातड्याचा असला तर तो हलका असतो, तारेतली शक्ती झटकन घेतो आणि झटकन खर्च करतो. त्यामुळे आघात मोठा, खणखणीत, आणि आस, म्हणजे मागे टिकणारा सूर, आखूड. अमेरिकन बँजो असाच वाजतो. लाकडाची तबली जड असते, शक्ती सावकाश खर्च करते, म्हणून गिटारचा सूर जास्त टिकतो. भोपळ्याचा स्वभाव तिसराच. तो सूर फार मोठा करत नाही, पण मधल्या पट्टीतला एक ठरावीक घुमारा देतो, आणि तो घुमारा सूर बदलला तरी त्याच जागी राहतो.

गज आणि कातडं एकत्र आले की एक विशेष आवाज तयार होतो. किकरीचं अंग लाकूड पोखरून केलेलं, तोंडावर कातडं, वर तीन तारा. छेडलेल्या कातड्याच्या वाद्यात आस आखूड असते, ती उणीव गज भरून काढतो, आणि कातड्याचा अनुनासिक, माणसाच्या घशाजवळचा रंग मात्र तसाच राहतो. रॉकच्या अल्बममध्ये कुठे सारंगी, रावणहत्था किंवा मध्य आशियातलं एखादं तसलं वाद्य आलं, तर याच रंगावरून ते व्हायोलिनपासून वेगळं काढता येतं. व्हायोलिनच्या लाकडी पेटीतून आवाज वरच्या अंगानं उजळ येतो, कातड्याच्या वाद्यातून नाकातून आल्यासारखा. तार केसांची असली तर आणखी एक थर येतो : वरचे स्वरांश लवकर मरतात आणि सुरात श्वास मिसळल्यासारखा वाटतो. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात परधानांच्या दोन वाद्यांचं वर्णन आहे. एक भोपळ्यातून काठी घातलेलं, एका तारेचं, बोटानं छेडायचं. दुसरं घोड्याच्या विणलेल्या केसांच्या तीन तारांचं, गजानं वाजवायचं. कागदावर दोन्ही एकाच परंपरेतली आहेत, कानाला ती दोन वेगळ्या जगांतली आहेत.

तुणतुण्याची गंमत इथेच सांगून टाकतो. त्यात तार कातड्याच्या मधोमध आरपार जाते आणि कातड्यालाच थेट ओढते, मधे घोडी नाही. म्हणून त्याचा आवाज अर्धा तारेचा, अर्धा चर्मवाद्याचा येतो. रेणुकेच्या भक्तांचं चौंडकं याच जातीचं. त्यात ताण हातानं कमीजास्त करतात, त्यामुळे सूर एकदम उसळी मारतो. अल्बममध्ये छेडलेला सूर रबर ताणल्यासारखा वर उडाला, तर पडदे आणि खेच विसरा. तिथे ताण बदलणारं वाद्य आहे.

चौथा प्रश्न घोडीचा, आणि हा मला सगळ्यात प्रिय. सतारीत आणि तानपुऱ्यात तार घोडीच्या धारेवर टेकत नाही, रुंद आणि किंचित गोलाई असलेल्या पृष्ठभागावर टेकते. तार थरथरताना त्या पृष्ठभागाला पुन्हापुन्हा चाटून जाते. प्रत्येक स्पर्शाला वरचे स्वरांश नव्यानं जागे होतात. साध्या छेडलेल्या तारेत वरचे स्वरांश आधी मरतात असं वर म्हटलं, इथे ते मरत नाहीत, एकामागून एक उजळत खाली उतरतात. यालाच जवारी म्हणतात. मिरजेचे कारागीर ही जवारी कानशीनं घासून काढतात, आणि कानानं तपासत तपासत थांबतात. तानपुऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवून हा स्पर्श नेमका जुळवतात. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं.

जवारी ओळखली की रॉकमधली मोठी गफलत सुटते. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीनं कोरल नावानं इलेक्ट्रिक सतार बाजारात आणली. तिची कल्पना विनी बेल या गिटारवादकाची. ही मुळात गिटारच, गिटारसारखी धरायची आणि वाजवायची. फक्त घोडी रुंद, सपाट, तार चाटणारी, आणि अंगावर तेरा जादा तारा. येसच्या १९७२ च्या ‘क्लोज टू द एज’ या अल्बममधल्या ‘सायबेरियन खत्रू’मध्ये स्टीव्ह हाउ हीच वाजवतो. खरी सतार आणि ही, यांतला फरक तीन ठिकाणी ऐकावा. सतारीत एका पडद्यावरून तार खेचून चार-पाच सूर वर नेता येतात. इलेक्ट्रिक सतारीची खेच गिटारएवढीच, एखाद्या सुराची. दुसरं, खऱ्या सतारीत मुख्य तार गाते आणि चिकारीच्या तारा वर लयीचे ठिपके देतात. कोरलवर एकाच वेळी तीन-चार तारांचा कॉर्ड दाबला जातो आणि त्या सगळ्या सारख्याच झणझणतात. तिसरं, भोपळा नाही, त्यामुळे झणझणाटाच्या खाली पोकळ घुमारा नाही, आवाज पत्र्यासारखा पातळ. हे तिन्ही कळले की ‘यात सतार आहे’ असं सरसकट म्हणणं बंद होतं.

पाचवा प्रश्न : आणखी कोण वाजतंय? सारंगीत आणि सतारीत खाली तरफा असतात. त्यांना कुणी हात लावत नाही, वरचा सूर जुळला की त्या आपोआप बोलतात. त्या ऐकण्याची जागा म्हणजे ओळ संपल्यानंतरची शांतता. मुख्य तार थांबते, आणि मागे एक धूसर सुरावट काही क्षण तरंगत राहते. जॉन मॅक्लॉफलिननं १९७० च्या दशकात शक्ती या मेळासाठी खास गिटार बनवून घेतली होती. तिच्या ध्वनिछिद्रावरून सात तारा तिरक्या गेल्या होत्या, आणि पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलं होतं, म्हणजे तार वीणेसारखी दाबून खेचता यावी. झाकीर हुसेनांचा तबला आणि एल. शंकरांचं व्हायोलिन यांच्यामध्ये ही गिटार ऐकताना तिची खेच साध्या गिटारपेक्षा लांब जाते आणि मधेच त्या सात तारांचा झंकार येतो. या दोन खुणांवरूनच बांधणीचा अंदाज बांधता येतो.

जोडतारांचा प्रकार वेगळा. मँडोलिन, बारा तारांची गिटार, पोर्तुगीज गिटार यांत दोन दोन तारा शेजारी बसवून एकत्रच छेडतात. दोन तारा कधीच तंतोतंत एका सुरात नसतात. एक सेकंदाला ४४० वेळा हलली आणि दुसरी ४४२ वेळा, तर दर सेकंदाला दोन वेळा आवाज फुगतो आणि बसतो. भजनात दोघांनी एकच सूर लावला की तो जसा एकट्याच्या सुरापेक्षा रुंद आणि हलता वाटतो, तसं हे.

याच खुणेवर आता एक जागा सावकाश सोडवू. येसचा ‘द येस अल्बम’ १९७१ चा. त्यात ‘आय हॅव्ह सीन ऑल गुड पीपल’ ही दोन भागांची रचना, पहिल्या भागाचं नाव ‘युअर मूव्ह’. सुरुवातीला नुसते गळे, वाद्य नाही. मग एक चमकदार, फिरता फिरता परत येणारा तारेचा साज सुरू होतो. वेष्टनावर स्टीव्ह हाउच्या नावापुढे ‘व्हॅचॅलिया’ असं लिहिलंय, आणि या नावाचं वाद्य कोशांत शोधून हाती फारसं काही लागत नाही. तेव्हा कानाकडे वळायचं.

आघात टोकदार, आणि प्रत्येक सूर लगेच ओसरतो : छेडलेलं वाद्य. सूर सुटे, मधे घसरण नाही : पडदे आहेत. आस मध्यम, बँजोसारखी तुटक नाही, म्हणजे कातडं नाही, लाकूड आहे. झणझणाट नाही, सूर स्वच्छ उतरतो, म्हणजे जवारी नाही, सतारीच्या घराण्यातलं नाही. आता सूर लांबतो तिथे लक्ष द्या. त्यात ती फुगण्या-बसण्याची हालचाल आहे, म्हणजे जोडतारा, आणि धातूच्या. आतापर्यंत मँडोलिन आणि बारा तारांची गिटार दोन्ही बसतात. पण मँडोलिन लहान, तिचा खालचा पट्टा इतका भरलेला येत नाही, आणि लांब सूर ती सहसा नखीनं भराभर थरथरवून धरते. इथे तसं नाही. बारा तारांच्या गिटारचा खालचा घुमारा यापेक्षा जड आणि रुंद. हे वाद्य दोहोंच्या मधलं आहे, तारा आखूड आणि ताणलेल्या, आवाज काचेसारखा. बांधणीनं उत्तर असं येतं : मध्यम आकाराचं, लाकडी पोटाचं, पडद्यांचं, धातूच्या जोडतारांचं. हे वर्णन पोर्तुगीज गिटारला तंतोतंत लागू पडतं. नासपतीच्या आकाराचं पोट, बारा तारा सहा जोड्यांत, डोक्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या पिळण्या. आणि हाउनं वाजवलेलं वाद्य खरंच पोर्तुगीज बारा तारांचं होतं.

मराठी वाचकाला याची खातरजमा करायला लिस्बनला जायला नको. गोव्यात फाडो हा पोर्तुगीज गायनप्रकार अजून गायला जातो. सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गोमंतकीय गायिकांनी तो जिवंत ठेवला आहे, आणि त्याच्या साथीला हीच गिटार असते. एक फाडो ऐका, मग ‘युअर मूव्ह’ ऐका. शैली पूर्ण वेगळी, पण तारेचा रंग एकच.

एक वाद्य या पाच प्रश्नांच्या कडेला उभं राहतं, म्हणून त्याचा उल्लेख करतो. किंग क्रिमसनच्या १९८१ च्या ‘डिसिप्लिन’ अल्बमची सुरुवात टोनी लेविनच्या चॅपमन स्टिकनं होते. ही दहा तारांची रुंद पट्टी. तिच्यावर तार छेडत नाहीत, दोन्ही हातांच्या बोटांनी पडद्यावर ठोकतात, आणि त्या ठोक्यानंच सूर निघतो. आघातात नखीची चुणूक नसते, एक मऊ, पियानोसारखा ठोका असतो. आणि खर्जाची ओळ आणि वरची सुरावट एकाच माणसाकडून, एकाच वेळी, वेगवेगळ्या लयीत येतात. असं दुहेरी काम ऐकू आलं आणि आघात मऊ असला, तर गिटारवादकांची संख्या मोजण्याआधी स्टिक आठवावी.

साधनं फार लागत नाहीत. चांगले कानात घालायचे हेडफोन, कारण अनोळखी वाद्य बहुधा डाव्या किंवा उजव्या बाजूला एकटं ठेवलेलं असतं. एक बाजू काढून टाकली की ते मोकळं सापडतं. मोबाइलवर गाणं निम्म्या गतीनं लावलं तरी आजकाल सूर बदलत नाही, त्यामुळे आघात आणि मींड सावकाश पाहता येतात. संगणक असेल तर ऑडॅसिटी हा फुकट कार्यक्रम आवाजाचा आलेख दाखवतो. त्यात छेडलेली तार सुरुवातीला उभी रेघ देते आणि वरच्या आडव्या रेघा आधी पुसत जातात. गजाच्या तारेच्या रेघा अखंड आणि किंचित लाटांच्या असतात. जवारी असेल तर वरच्या रेघा उशिरापर्यंत उजळ राहतात. डोळ्यानं पाहिलेलं कान पुढच्या वेळी न पाहता ओळखतो. पण आलेख आधी पाहू नका. आधी ऐकून अंदाज लिहा, मग तपासा.

परदेशी अल्बमला निदान वेष्टन असतं, नावांची यादी असते. आपल्याकडच्या वाद्यांना तेही नाही. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेतली मोबाइलवर टिपलेली किकरी, बस्तरातल्या जगार या उत्सवात गुरुमायांनी, म्हणजे कथा गाणाऱ्या स्त्रियांनी, वाजवलेली धनकुल, गावातल्या गोंधळातलं तुणतुणं, यांच्या हजारो ध्वनिफिती हातोहात फिरतात आणि त्यांवर फक्त ‘आदिवासी संगीत’ एवढंच लिहिलेलं असतं. धनकुल तर नुसतं ऐकून कुणालाच सुटत नाही : मडकं, त्यावर सूप, सुपावर धनुष्याचं टोक, एका हातानं दोरी ओढायची आणि दुसऱ्या हातानं चिरलेली बांबूची काडी धनुष्याच्या खाचांवर घासायची. ऐकणाऱ्याला करकर आणि घुमघुम अशी दोन वाद्यं वाटतात, आणि असतं एकच. मी या लेखात लंडनवर इतका वेळ घालवला तो या ध्वनिफितींसाठी. जो कान ‘युअर मूव्ह’मधली जोडतार सोडवू शकतो, तो नागोबाच्या जत्रेतल्या दोन किकऱ्यांतला फरकही सांगू शकतो, आणि तो सांगायला हवा.

म्हणून सिरोंचा, अहेरी, भामरागड किंवा पलीकडे आसिफाबादकडे कुणी वाद्य टिपत असेल, तर गाणं सुरू होण्याआधी दोन मिनिटं मागून घ्या. वादकाला प्रत्येक मोकळी तार एकेकटी वाजवायला सांगा, आणि ती पूर्ण विरेपर्यंत मुद्रण थांबवू नका. मग एक सूर सावकाश घसरत घ्यायला सांगा. वादकाचं नाव, गाव आणि वाद्य कुणी बनवलं हे त्यांच्याच तोंडून, त्यांच्या परवानगीनं, त्याच फितीवर बोलवून घ्या. घोडीचा आणि कातड्याचा जवळून एक फोटो काढा. पावसाळा असेल तर तेही सांगा, कारण ओलाव्यानं कातडं सैल पडतं आणि वाद्याचा आवाज बसतो. मे महिन्यातल्या सिरोंच्याच्या उन्हात तेच वाद्य निराळं बोलतं.